एल्क झोपलेल्या दिवसांची फी

गुरुवारी सकाळी लेकीला, टूवाला, पाळणाघरात सोडायला गेलेला स्टाफन दहा मिनिटांत टूवासकट घरी परतला, कारण पाळणाघरातल्या वाळूच्या खड्ड्यात एक एल्क झिंगून झोपला होता.

त्याने बाटलीतली घेतली नव्हती. सडलेली सफरचंदं भरपूर खाल्ली की सांबराच्या या थोरल्या चुलतभावाला, घोड्याहून उंच असूनही, ती चढतात. एक शिंग घसरगुंडीत अडकवून तो घोरत होता. गावचा शिकारी बिर्येर कुंपणाबाहेरूनच बघून गेला.

"उतरली की जाईल," त्याचं मत पडलं. "मध्येच उठवला तर चिडेल. मीही चिडतो."

पाळणाघर तातडीने बंद झालं. एल्क संध्याकाळी उठला, उरलेल्या सफरचंदांतली थोडी खाल्ली आणि पुन्हा आडवा झाला. शुक्रवारीही पाळणाघर बंदच.

स्टाफन ते दोन दिवस घरून काम करत होता, म्हणजे करायचा प्रयत्न करत होता. टूवा टेबलाखाली एल्क झाली होती. साहेब पडद्यावरून विम्याचे आकडे सांगत असताना खालून आवाज आला, "बाबा, माझं शिंग खुर्चीत अडकलंय." साहेबांनी आकडे थांबवले. शिंग निघाल्यावर स्टाफनने पाळणाघराच्या सगळ्या पालकांना संध्याकाळी घरी सभेला बोलावलं. पाळणाघर बंद, तर फीसुद्धा बंद.

"अरे, दोन दिवसांची फी म्हणजे किती? दालचिनीचे चार बन येतील त्यात," त्याची बायको इल्वा म्हणाली.

"प्रश्न बनचा नाही. तत्त्वाचा आहे."

"तुझ्या तत्त्वापायी मला चाळीस बन भाजावे लागतायत. आणि आपली हातगाडी कुठाय? अंगणातली पानं भरायचीत."

"असेल कुठेतरी," स्टाफन म्हणाला.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे दारात बूट काढून, मोज्यांवर, गोल बसले. पाळणाघरातल्या गुनवोरताई कोपऱ्यात विणकाम घेऊन बसल्या.

"बंद दुकानात कोणी पैसे टाकतं का?" स्टाफनने सुरुवात केली. "मग आपण फी का भरायची?"

"नाही भरली तर नुकसान कुणाचं?" मोर्टेनने विचारलं. त्याला जुळी होती, त्यामुळे तो दुप्पट उत्सुक होता.

"पाळणाघराचं."

"आणि पाळणाघर कुणाचं?"

पाळणाघर पालकांनीच मिळून काढलेलं होतं. फरशी पुसायची पाळीसुद्धा त्यांचीच असायची.

"आपलं," सिव म्हणाली. तिचा मुलगा टूवाच्याच वयाचा होता.

"म्हणजे आपण आपल्याच विरुद्ध संप करतोय?" मोर्टेनने विचारलं.

"तसं नाही," स्टाफन म्हणाला. "म्हणजे, तसंच."

सगळ्यांनी आणखी एकेक बन घेतला.

"तुमचं तुम्ही ठरवा बाबांनो," गुनवोरताई सुयांवरून नजर न उचलता म्हणाल्या. "फी कमी आली की माझा पगार कमी होतो, एवढंच. या महिन्यात छप्पर नीट करून घेणार होते. पण बादली आहे माझ्याकडे."

बन चावायचे आवाज थांबले.

"ताई, आमचा राग तुमच्यावर नाहीये," स्टाफन घाईघाईने म्हणाला. "एल्कवर आहे."

"मग त्याच्याकडून घ्या."

इथे स्टाफनला एकदम सुचलं. "एल्क आपणहून झिंगत नाही. त्याला पाजणारा कोणीतरी असणार. तो सापडला की सगळ्यांची फी त्याने भरायची. आणि ताईंचं छप्परही त्यानेच करून द्यायचं."

सगळ्यांचे हात वर गेले. स्टाफनचा सगळ्यात आधी. तो अजून वरच होता तेवढ्यात बिर्येर आत आला, भोकं पडलेल्या मोज्यांवर.

"गेला एकदाचा," तो म्हणाला. "पण गंमत बघा. तिथे सफरचंदाचं झाडच नाही. कुणीतरी कुंपणामागे गाडाभर सफरचंदं आणून ओतली होती."

स्टाफनने हात सावकाश खाली घेतला. गेल्या रविवारी इल्वाने त्याला झाडाखालची सडकी सफरचंदं कचराडेपोत टाकायला पाठवलं होतं. डेपोवर ही रांग. पाळणाघराच्या कुंपणामागे मात्र पालापाचोळ्याचा ढीग होता, आणि रांग अजिबात नव्हती. इल्वाने खिडकीतून आपल्या स्वच्छ अंगणाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

स्टाफन उभा राहिला. "मला जरा वेगळा मुद्दा मांडायचाय."

"आत्ताच तर मांडलास," मोर्टेन म्हणाला.

"माणूस विचार करत राहतो, मोर्टेन. दोष शोधत बसलं की मनं दुखावतात. पाळणाघर आपलं, तसा एल्कसुद्धा आपलाच. फी सगळ्यांनी पूर्ण भरावी. आणि ताईंच्या छपराचं मी बघतो. उद्याच शिडी घेऊन येतो."

सिवने डोळे पुसले. मोर्टेनने त्याच्या पाठीवर थाप मारली. कोणालाच नको असलेलं, त्यामुळे दोन वर्षं रिकामं पडलेलं अध्यक्षपद एकमताने स्टाफनला देण्यात आलं. गुनवोरताई विणत राहिल्या. त्यांचा मोजा पूर्ण होत आला होता.

शनिवार-रविवार स्टाफन त्यांच्या छपरावर होता. ताई खालून खिळे देत होत्या आणि मधूनमधून कॉफी.

सोमवारी पाळणाघर उघडलं. स्टाफनच्या घराचं दार मात्र बाहेर ढकललं तरी उघडेना. त्याने खिडकीतून वाकून पाहिलं. सफरचंदाच्या झाडाच्या खालच्या फांद्या ओरबाडलेल्या होत्या, आणि उंबऱ्याला पाठ टेकून एल्क घोरत होता.

"ताई," त्याने फोन लावला, "टूवा आज नाही येऊ शकणार. दारात एल्क आहे."

"अरेरे. आम्ही तर उघडलंय."

"मग आजच्या फीचं..." स्टाफन बोलता बोलता थांबला.

"पाळणाघर चालू आहे, स्टाफन. बंद तू आहेस."

"हो. बरोबर आहे. अध्यक्ष म्हणून मीही हेच सांगितलं असतं."

"आणि त्याची उतरली की इकडे ये जरा," गुनवोरताई म्हणाल्या. "तुझी हातगाडी घेऊन जा. आठवडाभर कुंपणामागे पडलीय. मी पोरांचं अंथरूण टाकून झाकून ठेवलेली. छप्पर मात्र छान केलंस हो."