रूथची धाकटी बहीण

पाळणा सजला होता, घुगऱ्या शिजल्या होत्या, इस्रायलहून आत्या व्हिडिओ कॉलवर नटूनथटून बसली होती. फक्त बाळाला नाव नव्हतं.

"कानात सांगू काय?" दीनाआत्या मोबाइलमधून ओरडली. "माझी कामाची बस चुकतेय!"

शोशानाला नाव ठाऊक होतं. पोटुशी असल्यापासून तिने एकच जपलं होतं, नाओमी. सेवाग्रामच्या या क्वार्टर्समध्ये यहुदी घर हे एवढंच. निदान थोरली रूथ आणि ही, दोघी बहिणींची नावं तरी एकमेकींना सोबत करतील. पण बारशासाठी ठाण्याहून आलेल्या सासूबाईंनी, म्हणजे एस्तेरबाई झिराडकरांनी, ते सकाळीच उडवून लावलं होतं.

"अगं, आपल्या ग्रंथात नाओमी ही रूथची सासू! पाठच्या बहिणीला थोरलीची सासू करतेस?"

"मग लेआ ठेवू," बाळाचा बाप एलिजा घुगऱ्या खात म्हणाला.

"लेआ आली की तिची बहीण राहेल आली. म्हणजे तिसरी मुलगी हवी."

"मिरियम?"

"तिला दोन भाऊ. मोशे आणि अहरोन."

शोशानाने पाळण्याची दोरी घट्ट धरली. घर दोन खोल्यांचं होतं.

पाळणा म्हणायला आलेल्या शेजारच्या मंदाबाई खोळंबून कंटाळल्या. "काऊन एवढा इचार करून राह्यल्या जी? माह्या जावेनं मोठीचं नाव सीता ठेवलं अन् लहानीचं कौसल्या. काई नाई झालं."

"काहीच नाही?"

"कौसल्या मोठीले भांडे घासाले लावते. पण ते त लहानी बहीण तशीबी लावतेच."

"ऐकलंस?" एस्तेरबाई सुनेकडे वळल्या.

शोशानाला वादात ऐनवेळी कधी काही सुचत नसे. आज सुचलं. "पण आई, ती रूथ सून कशी होती? नवरा गेला, तरी माहेरी परतली नाही. सासू जाईल तिथे जायचं आणि राहील तिथेच राहायचं, असा हट्ट धरून बसली. अशी जोडी दुसरी कुठे मिळेल?"

मंदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "अशी सून मले पायजे होती."

एस्तेरबाईंनी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. "ठेव बाई," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "नाओमीच ठेव."

मोबाइल बाळाच्या कानाशी गेला. आत्या कुजबुजली. आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत, म्हणून मंदाबाईंनी मोबाइलच्या पाठीवर ते घातले आणि कॉल कटला. सगळे हसले. सगळ्यांत जास्त शोशाना.

तेवढ्यात आतल्या खोलीतून एस्तेरबाईंचा आवाज आला. "एलिजा, माझं परवाचं ठाण्याचं तिकीट रद्द कर रे. सुनेच्या मनात एवढं आहे, मला काय ठाऊक! आता मी इथेच राहते."

"कायमच्या काय जी?" मंदाबाईंनी विचारलं.

"कायमची!"

शोशानाने पाळण्यात वाकून पाहिलं. निदान नाव तरी बाळाला फार शोभत होतं.