मशीन वाचत नाही त्या ओळी

आधीच सांगून ठेवतो, माझ्या हातून आजवर एकही खोटी कॉमेंट लिहिली गेलेली नाही! कॉमेंट म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने पुढच्या माणसासाठी कोडमध्ये ठेवलेली चिठ्ठी. मशीन ती वाचत नाही, त्यामुळे लोक तिथे वाट्टेल ते लिहितात. मी नाही!

आमची कंपनी एक क्रिप्टोकरन्सी चालवते आणि तिचा जीव एका फाइलीत आहे. या फाइलीतला कोड कुठल्याही मजकुराचा हॅश काढतो. हॅश म्हणजे अंगठ्याचा ठसाच म्हणा ना! मजकुरातला एक स्वल्पविराम हलला तरी ठसा पार वेगळा येतो.

त्या दिवशी आमच्या बॉस मॅडम म्हणाल्या, "चार वाजता तपासनीस बाई येतायत. त्यांनी पास केलं नाही तर आपलं दुकान बंद! त्या फाइलीतल्या कॉमेंट तेवढ्या खऱ्या करा. कोडला हात लावू नका हं!"

"मॅडम, कॉमेंटने आजवर कुणाचं काही वाकडं झालंय का?"

बाह्या सरसावून बसलो. 'इथे चौसष्ट फेऱ्या होतात' असं लिहिलं होतं, प्रत्यक्षात होत होत्या ऐंशी. दुरुस्त केलं. 'ही ओळ तात्पुरती आहे' असं जिच्यावर लिहिलं होतं, ती चार वर्षं ठाण मांडून बसली होती. मी लिहिलं, 'तात्पुरती आली होती, आता घरचीच झाली.' 'हे का चालतं ते पुढे पाहा' याच्यापुढे काहीच नव्हतं. मी लिहिलं, 'हे का चालतं ते कुणालाही माहीत नाही.' खरं ते खरं!

फाइल चढवली आणि चहाचा कप तोंडाला लावतोय, तोच सगळ्या स्क्रीन लालभडक! 'फाइलीत छेडछाड! व्यवहार बंद!'

सुरक्षा विभागातला शंकासूर धावत आला. हा गृहस्थ स्वतःच्या आईचा फोनसुद्धा खात्री करून घेतल्याशिवाय उचलत नाही.

"कुणीतरी घुसलंय!"

"अहो, लोकांची नाणी आहेत आत!" मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. "शेवटचा बदल कुणाच्या नावावर आहे?"

शंकासुराने माझ्याकडे पाहिलं. "यांच्या."

"बघा!" मी टेबलावर हात आपटला. "चोर माझ्या नावाने घुसलाय! मी तर नुसत्या कॉमेंट बदलल्या. आधी माझं नाव बंद करा!"

त्याने तत्परतेने केलं. मी मशीनची खोली बघायला तावातावाने बाहेर पडलो, मागे काचेचं दार बंद झालं आणि माझं कार्ड चालेना. नावच बंद, तर कार्ड कुठून चालणार! मी काच बडवत होतो. आत कुणाचं लक्ष असेल तर शपथ!

"तुम्हीही बाहेरचेच का?" मागून आवाज आला. हातात बॅग घेतलेल्या तपासनीस बाई! मी त्यांना चोराची सगळी हकिगत सांगितली, अगदी हातवारे करून.

"फाइल बदलली हे तुम्हाला कळलं कसं?"

"दर मिनिटाला तिचा ठसा काढून जुन्याशी जुळवतो ना! आमची पद्धतच आहे."

"अख्ख्या फाइलीचा? कॉमेंटसकट?"

मी स्वतःच्याच दोन्ही हातांकडे पाहिलं. मग मी अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलो, "चोर सापडला!"

शंकासूर काचेपाशी धावला. "कुठाय?"

"दाराबाहेर!"

कुणी घुसलं नव्हतं! एक नाणंही हललं नव्हतं! नवा ठसा नोंदवला, स्क्रीन हिरव्या झाल्या आणि मॅडम खुर्चीत बसून चक्क हसायला लागल्या. माझा तर जीव भांड्यात पडला. नोकरी गेली असती तरी चाललं असतं म्हणा. छे, चाललं नसतं!

तपासनीस बाईंनी आम्हाला पास केलं. "इतक्या खऱ्या कॉमेंट मी पहिल्यांदाच वाचल्या," त्या म्हणाल्या. "पण एक खोटी राहिलीय. सगळ्यात वरची."

ती मी तपासलीच नव्हती. 'या फाइलीतल्या कॉमेंट बिनधास्त बदला, काहीही बिघडत नाही.' खाली सही माझीच!

मी ती दुरुस्त करायला लगबगीने हात पुढे केला, तर मॅडम कीबोर्डच उचलून घेऊन गेल्या.