लाईलसाहेबांनी एकट्याने कॅम्पर चढविला त्याची हकिकत

तमाम गल्लीकर थोरांचे सेवेसी शेजारी मर्व याची विज्ञापना ऐसीजे. कॅनडा मुलुखी सास्काटून शहरी, मे महिन्याचे लांब सुट्टीचे शुक्रवारी, बर्फ वितळोन गल्ली मोकळी जाहली ते समयी, राजश्री लाईलसाहेब वासिलिक यांणी पिकअप गाडीचे पाठीवर कॅम्पर चढविला, ते मोहिमेचे वर्तमान आम्ही समोरील अंगणात खुर्ची टाकोन, कॉफी पीत, डोळां पाहिले तैसे लिहिले. पदरचे घातले असेल तर मिठापुरते.

कॅम्पर म्हणजे चाकांवाचून घर, हिवाळाभर चार लोखंडी पायांवर उभे. गाडी उलटी हाकोन त्याचे पोटाखाली घालावी. दोही बाजूंस चार बोटे जागा, पायास धक्का लागला की घर भुईसपाट. बावीस वर्षे साहेबांचा कबिला डार्लीनबाई मागे उभ्या राहोन हातवारे करीत आणि साहेब तैसी गाडी घेत. परंतु यंदा साहेबांनी मागील दिसावयाचा कॅमेरा खरीदला, आणि बाईंस बरतर्फ केले, आणि भर गल्लीत पैज बोलले की, एकट्याने चढविला तर आठ रोज उत्तरेचे तळ्यावर मासेमारी. बाईंस हाक मारावी लागली तर आठ रोज रेजायना शहरी साडूचे घरी. साडू म्हणजे दिवसभर आपले नवे गवत कापावयाचे यंत्राची तारीफ करणारा इसम. साहेबांस मरण पत्करेल, साडू न पत्करे.

मग साहेब स्वार जाहले. पहिला हल्ला डावीकडे ढळला, आणि दुसरा उजवीकडे, आणि तिसरे समयी कॅमेऱ्यावर चिखल उडोन पडद्यावर काही दिसेना, तरी साहेब हटेनात, आणि गाडी पायास धडकली, आणि घर डुलले, आणि आतील भांडी खणखणली, आणि गल्लीचे काळजाचे पाणी जाहले. बाई पायरीवर विणीत होत्या. मान वर केली नाही.

आम्ही ओरडलो, "लाईल, अरे चढवतोयस की पाडतोयस?"

"मर्व, तू आपली कॉफी ढोस!"

मग साहेबांनी घटकाभर कपाळ स्टिअरिंगवर टेकले, आणि काच खाली केली.

"डार्लीन... येतेस का जरा?"

"का रे? कॅमेरा संपावर गेला वाटतं?"

"साडूकडे जाऊ, बाई. पण ये."

बाईंनी विणकाम ठेविले, आणि मागे येवोन दोन बोटे हालविली, आणि मूठ वळली, आणि एका दमात गाडी घराखाली दाखल. मग पाय वर घेतले, साखळ्या आवळल्या, गल्लीने टाळ्या पिटल्या. साहेब मात्र सुतकी चेहऱ्याने गळ आणि दोऱ्या गॅरेजात ठेवू लागले. ते पाहोन बाईंनी हुकूम फर्माविला.

"ते कुठं ठेवतोस? तळ्यावर काय हातानं मासे धरणार? त्या यंत्राचं कौतुक आठ दिवस ऐकायला मला काय वेड लागलंय!"

"आणि कॅमेरा?"

"तो पाठव साडूला. त्याला मिरवायला आणखी एक यंत्र होईल."

येणेप्रमाणे मोहीम सर जाहली. फत्ते साहेबांचे नावे लिहावी ऐसी बाईंची आज्ञा जाहली, म्हणोन लिहिली.