जनूदादांनी पुस्तक पुन्हा उघडलं

जनूदादा पाटील नव्या माणसाला गाव-आडनाव विचारत नाहीत. "तुझ्यात ताकद किती, अक्कल किती?" असं विचारतात, आणि उत्तर आकड्यांत द्यावं लागतं. भिवंडीजवळच्या पूर्णा गावात त्यांच्या जमिनीवर तीन गोदामं उभी आहेत, पण दादांचा जीव एका खेळात. दर रविवारी दुपारी आम्ही चौघं त्यांच्या ओटीवर बसतो. कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार. दादा गोष्ट सांगतात, पुढं काय होणार ते फासे ठरवतात, आणि भांडण झालं की नियमांचं जाडजूड पुस्तक. "नियम म्हंजे नियम हाय," एवढं म्हणून दादांनी आजवर माझे सहा योद्धे मारलेत.

मध्यंतरी या पुस्तकाची नवी आवृत्ती आली. दादांनी वर्षभर वाट पाहिली होती. एक डाव खेळले आणि दोन दिवस नीट जेवले नाहीत, असं वहिनी सांगत होत्या. नव्या खेळात वार, जखमा, मंत्र, सगळं पत्त्यांवर छापलेलं. गोष्ट सांगायला वावच नाही. "ह्यो खेल न्हाय, रमी हाय," म्हणत दादांनी पुस्तक माळ्यावर टाकलं. घरात त्याचं नाव काढायची बंदी झाली.

म्हणून गेल्या रविवारी ओटीवर तेच पुस्तक उघडं दिसलं तेव्हा मी चपलांसकट आत गेलो. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा होत्या. मी विचारलं, तर दादा खाली बघत म्हणाले, "येकदा परत बघू." जनूदादांनी मत बदललं, असं भिवंडीत कुणाला सांगितलं असतं, तर लोकांनी माझ्याच तब्येतीची चौकशी केली असती.

तेवढ्यात हनीफभाई आले. आमचे जादूगार. चाळीस वर्षं कापडाच्या लूमवर काढली, त्या खडखडाटानं कान गेले. ऐकू येत नाही, आपल्यामुळं सगळ्यांचा खेळ बिघडतो, असं सांगून चार महिने आले नव्हते.

डाव सुरू झाला. दादांनी तोंड उघडलं नाही. एकेक पत्ता हनीफभाईंसमोर ठेवत गेले. मी वाकून पाहिलं आणि थक्क झालो. प्रत्येक पत्त्यावर उर्दूत एक वेडीवाकडी ओळ होती. दादांना उर्दूचा गंध नाही. कुणाकडून तरी लिहून घेऊन त्यांनी अक्षर न् अक्षर गिरवलं होतं.

हनीफभाई वाचत होते, फासे टाकत होते, मोठ्यानं हसत होते. डाव संपल्यावर त्यांनी जवळजवळ ओरडूनच विचारलं, "जनू, अगले इतवार कितने बजे?"

दादांनी तीन बोटं दाखवली. मग चहाचं बघतो म्हणून आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. चहा तर वहिनींनी केव्हाच आणून ठेवला होता.