आश्रुबा वीणा सोडंना

"यंदा माजा डोळा मिटला, तर मिशी काढून मारुतीपुढं ठिवीन!" आश्रुबानं भर पारावर सांगून टाकलं. सांगताना दोन जांभया आल्या, त्या त्यानं गमछ्यात दडवल्या.

एवढं बोलायला कारणही तसंच होतं. चारठाण्याजवळच्या त्याच्या गावात दरसाली सप्ताह बसायचा. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही. माणसं दोन-दोन तासांच्या पहाऱ्यानं ती गळ्यात घेऊन उभी राहायची. आश्रुबाच्या बापानं दुपारी बारा ते दोनचा पहारा चाळीस वर्षं केला. बाप गेला, पहारा लेकाकडं आला, आणि गेल्या साली या पठ्ठ्याला उभ्या उभ्या डुलकी लागून वीणा धाडदिशी फरशीवर! तवापासून सारं गाव त्याला झोपाळू म्हणायचं. पण बिचाऱ्यानं करावं तरी काय? विहिरीच्या मोटरीला लाईट यायची रात्री, गव्हाला पाणी द्यायचं रात्री, आणि देवापुढं उभं राहायचं दुपारी. असा पाच वर्षांचा शीण अंगात साठलेला.

सप्ताहाचे कारभारी भगवानराव पहाऱ्यांची नावं मंदिरातल्या फळ्यावर खडूनं लिहायचे. त्यांनी बजावलं, "आश्रुबा, तुज्या बापाकडं बघून नाव ठिवलंय. यंदा वीणा टेकली तर कायमचं पुसतो बग!"

बापाचा पहारा आपल्या हातानं घालवायचा?  शेवटी आश्रुबानं ट्रक चालवणाऱ्या मेहुण्याला, नागनाथाला गाठलं. त्यानं खिशातनं गोळीची कागदी पुडी काढली.

"दाजी, लांबच्या फेरीला जागायला आमी हीच खातो. पर अर्धीच घ्या. लय जहाल हाय!"

पाच दिवस कसेबसे निभावले. सहाव्या दिवशी, पहाऱ्याच्या आधी, आश्रुबानं अर्धी गिळली. पाव तास गेला आणि भली मोठी जांभई आली. "नागनाथाला कुणीतरी खडूच इकलाय," म्हणून त्यानं उरलेली अर्धीही तोंडात टाकली. चुकलं ते इथं!

साडेबाराला जीभ टाळूला चिकटली. छाती पखवाजासारखी वाजायला लागली. डोळे असे टक्क उघडले की मिटायचे कसे तेच तो विसरला. आणि शीण? नावाला उरला नाही! सगळ्या गावाचा गहू आपण एकटे भिजवू, असं त्याला वाटायला लागलं. रामकृष्णहरीचा वेग वाढत वाढत एवढा झाला, की टाळ वाजवणारे दमेकरी सिताराम तात्या खालीच बसले.

"आरं, हळू! देव काय गाडी धरून जायलाय का?"

दोन वाजता मुंजाजी अंघोळ करून पहारा घ्यायला आला. पाया पडला, हात पुढं केले.

"थांब जरा," आश्रुबा म्हणाला, "आत्ता कुठं रंग भरायलाय!"

मुंजाजी पाच वेळा पाया पडला. आश्रुबा वीणा सोडंना! आणि रीत अशी, की विणेकऱ्यानं दिली तरच वीणा घ्यायची, हिसकायची नाही. मुंजाजी खांबाला टेकून बसला. चारचा माणूस आला, तो त्याच्या शेजारी बसला. सहाचा आला, तोही बसला.

एवढ्यात आश्रुबाला दारातल्या चपला दिसल्या. अस्ताव्यस्त! ते त्याला बघवेना. गळ्यात वीणा, तोंडात नामस्मरण, आणि गडी लागला चपला लावायला. लहान इकडं, मोठ्या तिकडं, अंगठा तुटलेल्या निराळ्या. एकदा लावून झाल्या, मन भरलं नाही, सगळ्या मोडून पुन्हा लावल्या. अशा चार वेळा!

"बगा, बगा!" भगवानरावांनी हात जोडले. "भक्तांच्या चपला लावायलाय! बापाची भक्ती उतरली ह्याच्यात!"

झालं. बायका पाया पडायला लागल्या, पुढ्यात नारळांचा ढीग झाला. त्याची बायको मनकर्णा पुरणाची पोळी घेऊन आली, तर यानं ताटाकडं बघितलंसुद्धा नाही. 

"ह्यांनी जन्मात पोळी नको म्हणली न्हाई," ती पुटपुटली. "ही भक्ती न्हाई, कायतरी खाऊन आलेत."

आतून आश्रुबाही घाबरला होता. दात एकमेकांवर घासत होते, छातीची धडधड थांबत नव्हती. बसावं वाटत होतं, पण पाय ऐकत नव्हते. लोक देव समजून पाया पडत होते आणि त्याला नुसतं रडू येत होतं.

उजाडताना अंगातलं वारं उतरलं, हात गळून गेले, आणि त्यानं आपणच वीणा पुढं केली. मुंजाजी टपूनच होता, त्यानं वीणा अलगद घेतली. दहाला काल्याचं कीर्तन झालं, आणि भगवानरावांनी लाऊडस्पीकरवरून पुकारलं, "आता आश्रुबाचा सत्कार!" फेट्याचा तिसरा फेरा बसतोय तोवर सत्कारमूर्ती त्यांच्या खांद्यावर कलंडली, आणि माईकातून जे घोरणं सुरू झालं, ते पार चारठाण्यापर्यंत ऐकू गेलं!

हलवलं, पाणी मारलं, कांदा हुंगवला. उठतोय कशाचा! मग जिंतूरहून डॉक्टर आले. मनकर्णानं त्याच्या खिशात सापडलेला पुडीचा कागद पुढं केला. डॉक्टरांनी हुंगून बघितला, नाडी धरली आणि कपाळाला हात लावला.

"ही गोळी ताकद देत न्हाई हो. अंगातली उद्याचीबी ताकद आजच जाळून टाकती. नशीब समजा, काळीज बंद पडलं न्हाई! झोपू द्या."

आश्रुबा तिसऱ्या दिवशी उठला. अंग ठेचून काढल्यासारखं, डोकं जड.

"वीणा टेकली का?" त्यानं पहिलं विचारलं.

"न्हाई टेकली," मनकर्णा म्हणाली, आणि तिनं डोळे पुसले. "पर गावाला समदं कळलंय."

तो तसाच भिंती धरत धरत मंदिरात गेला. पुढच्या सालाची यादी फळ्यावर लागली होती. बारा ते दोन : मुंजाजी. आश्रुबानं यादीवर बोट ठेवलं. वरून खाली वाचत गेला, खालून वर आला. अन् पार तळाशी, भगवानरावांच्या ठळक अक्षरात त्याचं नाव सापडलं.

चपला लावणे : आश्रुबा. सातही दिवस.

 तो पायरीवर टेकला आणि भलीमोठी जांभई दिली.

"बरं हाय," तो म्हणाला. "बसून करायचं काम हाय."