प्रमुख उपस्थिती : डॉ. अंजली

एखाद्याचं नाव वाढवायचं असेल, तर अख्ख्या केज तालुक्यात माझ्यासारखा तयार माणूस नाही! जन्मभर वर्तमानपत्रात लोकांची टिंगल लिहिली. निवृत्त झाल्यापासून लग्नपत्रिकांचा मजकूर लिहून देतो. कामात फारसा फरक पडलेला नाही.

शेजारच्या माणिकरावांची अंजली पुण्यात शास्त्रज्ञ आहे. शरीरातली पेशी दाबली तर किती दबते, ताणली तर किती ताणते, हे ती मोजते. गेल्या उन्हाळ्यात घरी आली ती तोंड पाडूनच.

"काय झालं गं?"

"काका, प्रमोशनची मुलाखत आहे, इथूनच लॅपटॉपवर द्यायचीय. पण माझी साइटेशन्स कमी पडतात."

"म्हणजे?"

"दुसऱ्या शास्त्रज्ञांनी आपापल्या पेपरात माझ्या पेपरचं नाव किती वेळा घातलं, ते. जितकं जास्त, तितका माणूस मोठा."

मी हसलोच. अहो, ही तर आमची लग्नपत्रिका! आमच्याकडं पत्रिकेत नवरा-नवरी शोधायला भिंग लागतं. बाकी सगळी जागा प्रमुख उपस्थिती, निमंत्रक अन् व्यवस्थापकांची. ज्याचं नाव जास्त पत्रिकांत, तो मोठा!

"माणिकराव, पोरीची काळजी सोडा!"

लग्नसराई ऐन भरात होती. हाताखालून जाईल त्या पत्रिकेत मी 'प्रमुख उपस्थिती : डॉ. अंजली, पेशीशास्त्रज्ञ' असं घालत सुटलो. मंगल परिणय असो की शुभविवाह, भेदभाव नाही. एका जावळाच्या पत्रिकेतही घातलं!

पण छापलेलं नाव मांडवात दिसलं नाही, तर यजमान वर्षभर बोलत नाही. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मुलाखतीची तयारी सोडून पोरगी डोक्याला फेटा बांधून मांडवोमांडवी आशीर्वाद देत फिरू लागली. "पेशीसुद्धा गर्दीतून अंग चोरून वाट काढते," असं ती एका भाषणात म्हणाली, तेव्हा पंगतीकडं घुसणाऱ्या पाहुण्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या.

"काका, याला साइटेशन नाही हो म्हणत!"

"अगं, सुरुवात तर होऊ दे!"

खरा घोळ पुढंच होता. आमच्याकडं कुणी एकतर्फी नाव घालत नाही. मी तुझं घातलं, आता तू माझं घाल! ऐन मुलाखतीच्या सकाळी शेळ्यावाला धुळाजी कळपासकट माणिकरावांच्या दारात हजर.

"माणिकराव, जयभीम! माझ्या पोरीच्या पत्रिकेत तुमच्या अंजलीचं नाव घातलं, पार सरपंचाच्या वर! आता हिच्या पेपरात आमचं काहून न्हाई?"

"धुळाजी, ते पेशीचं शास्त्र हाय."

"मंग? आमी काय बिनपेशीचे हाय का? नाव घाला, न्हाईतर शेळ्या हलायच्या न्हाईत!"

आत मुलाखत सुरू झाली होती, अन् कमी साइटेशनचाच प्रश्न निघाला होता. धुळाजीला आवरावं म्हणून मी आतून बाहेर निघालो. दार उघडलं, अन् त्याची बिजली नावाची शेळी माझ्या दोन पायांमधून आत! पुढचे पाय टेबलावर, तोंड लॅपटॉपला. पडद्यावर नुसती बिजली!

"डॉक्टर, हे कोण?" पलीकडून आवाज आला.

दारातून बघणाऱ्या माणिकरावांनी डोळे मिटून घेतले.

"सर, हे माझं पुढचं काम," अंजली शिंगं बाजूला सारत म्हणाली. "शेळीच्या रक्तातल्या लाल पेशी माणसाच्या पेशींपेक्षा कितीतरी लहान असतात. बारीक नळीतून जाताना त्या कशा दबतात, ते मला तपासायचंय."

"नमुने मिळतील?"

"कळप दारातच उभा आहे, सर."

पलीकडं हशा पिकला. मग प्रश्नांवर प्रश्न, सगळे शेळ्यांवर. साइटेशन्स राहिली बाजूला. प्रमोशन झालं की हो!

पुढं शेळ्यांवरचा पेपर छापून आला. मी धावतच माणिकरावांकडं गेलो. पेपराच्या शेवटी आभार असतात. तिथं धुळाजीचं नाव होतं, त्याच्या शेजारी बिजलीचं.

"अन् माझं गं?" मी फोनवर विचारलं.

"घालते ना, काका! कशाबद्दल घालू?"

मी फोन माणिकरावांच्या हातात दिला.

परवा धुळाजीच्या पुतण्याची पत्रिका माझ्याकडं आली. मजकूर धुळाजीनंच सांगितला, मी फक्त लिहून घेतला. प्रमुख उपस्थिती : डॉ. अंजली आणि बिजली. माझंही नाव आहे, नाही असं नाही. खाली, व्यवस्थापकांत. बिजलीला वेळेवर मांडवात आणायचं काम माझ्याकडं आहे.