साहेबांच्या हनुवटीला दगडी पाला

"आधी दाढी करा, कागद मग बघू," असं म्हणून परवाना तपासायला आलेले साहेब थेट खुर्चीत बसले आणि दादांनी घाईघाईनं त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं. बावीस वर्षं सलून चालवलेला माणूस, पण आज वस्तरा उचलण्याआधी दोनदा पाणी प्याला. परवाना गेला की दुकान जाणार, आणि दुकानामागच्या खोलीतला संसारही रस्त्यावर येणार. दुसरं काही करायचं वय राहिलं नव्हतं.

गाल नीट पार पडले. गळाही झाला. हनुवटीवर मात्र साहेब नुसतं "हं" म्हणाले आणि दादा असे दचकले की वस्तरा सरकला! फेसात लाल ठिपका उमटला, ठिपक्याची रेघ झाली. दाबलेला कापूस बघता बघता लाल. साहेबांचे डोळे मिटलेले होते. झोप लागलीय, देवा, लागू दे! दादा चोरपावलांनी मागच्या दाराशी गेले.

"अगं, तुरटी कुठाय?"

"टाकली," बायको म्हणाली.

"टाकली?"

"तुम्हीच म्हणालात ना, तपासणी आहे, जुनंपानं काही दिसता कामा नये!"

"अगं, साहेबांना कापलंय मी!"

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. पण ती लवकर सावरली. "पायरीशी दगडी पाला उगवलाय बघा. खुरपं लागलं की माझी आत्या त्याचाच रस पिळायची. रक्त जागच्या जागी थांबायचं."

दादांनी मूठभर पाला मुळासकट उपटला, धुतला, तळहातावर चोळला आणि रस जखमेवर पिळला. साहेबांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला, पण डोळे उघडले नाहीत. रक्त खरंच थांबलं. दादांनी आत्याला मनोमन हात जोडले.

बाकावर दवाखान्यातले कंपाउंडर बसले होते, केस कापायला आलेले. ते हळूच म्हणाले, "दादा, तो दगडी पालाच ना नक्की?"

"म्हणजे?"

"नाही, पायरीशी गाजरगवतही माजतं. एकेकाला त्यानं गांधी उठतात. मागे एक पेशंट आला होता, तोंड एवढं सुजलेलं!" त्यांनी दोन्ही हातांनी माप दाखवलं.

दादा तसेच मागच्या दाराकडे धावले. उरलेला चोथा त्यांनी बायकोपुढे धरला. तिनं तो निरखला आणि तोंडावर पदर घेतला. "अहो, यात दोन्ही दिसतंय की हो!"

आता साहेब जागे होता कामा नयेत, एवढं एकच दादांना सुचलं. हिरवी हनुवटी दिसू नये म्हणून त्यांनी आरशावर टॉवेल टाकला आणि डोक्याची मालिश सुरू केली. एक डोळा हनुवटीवर, दुसरा घड्याळावर. जरा लाली दिसली की जीव खालीवर व्हायचा. बायको दारातून विचारायची, "सुजलं का?" कंपाउंडर वाकून बघायचे आणि म्हणायचे, "अजून नाही." ते 'अजून' ऐकून दादांचा घाम टपटप गळायला लागला.

पाऊण तास झाला. दादांच्या बोटांना पेटके आले. हनुवटी आहे तेवढीच होती. इतक्यात डोळे न उघडताच साहेब बोलले, "थांबलं का?"

"क... काय साहेब?"

"रक्त हो!"

"साहेब, तुम्ही जागे होतात?"

"झोप कसली येतेय! रक्त नुसतं दिसलं तरी मला भोवळ येते. घरी वस्तरा धरायची हिंमत नाही, म्हणून तर सलूनमध्ये येतो. त्यात तुमचं चाललेलं, सुजलं का, सुजलं का! अर्धा जीव गेला माझा. ऑफिसात कळलं ना, तर माझी पार शोभा होईल."

"नाही कळणार, साहेब! रक्त केव्हाच थांबलंय. पण... परवाना?"

"आणा तो कागद. आणि तो टॉवेल आरशावर तसाच राहू द्या. सही कुठे करायची, तिथे माझा हात नेऊन ठेवा."

दादांनी साहेबांच्या बोटांत पेन दिलं आणि हात धरून कागदावर ठेवला. तो दादांच्या हातापेक्षा जास्त थरथरत होता.

"इथे, साहेब," दादा म्हणाले. "घाबरू नका."